सोनाबाईच्या गावचा कासार

“स्थूल,” मामा म्हणाले आणि पुन्हा झांजा पुसायला लागले.

“मामा, पण...”

“पण नाही आणि बिण नाही. देशमुखांच्या मुलाला विचारून आलोय. स्पर्धा परीक्षेला महागाई विचारतात, अर्थसंकल्प विचारतात, राष्ट्रीय उत्पन्न विचारतात. हे सगळं स्थूल अर्थशास्त्रात. तुझ्या त्या सूक्ष्मवर एक प्रश्न येत नाही. एक! मग ते घेऊन करायचं काय? लोणचं घालायचं?”

“लोणचं घालायलासुद्धा ते लागतं,” मी म्हटलं.

स्वयंपाकघरातून मामी हसली. “मग यंदा तूच घाल बाई. माझा एक व्याप कमी होईल.”

मी तेव्हा वाईच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. आमचं गाव मेढ्याच्या पलीकडं डोंगरात, शाळा दहावीपर्यंतच. म्हणून अकरावीपासून मी मामांकडं राहत होते. दिगंबरबुवा गुरव म्हटलं की कृष्णाकाठची गावंच्या गावं ओळखायची. दिवसा प्राथमिक शाळेत गुरुजी आणि उत्सवाच्या दिवसांत कीर्तनकार. गावाकडं वडिलांच्या भजनात मी पेटी शिकले होते, त्यामुळं मामांच्या मागं पेटीला मीच बसायची.

कीर्तनाचं वेड मला कुणी लावलं नाही, ते होतंच. लहानपणी देवळात झोपलेल्या पोरांना आया उचलून घरी न्यायच्या. मला न्यायला आई आली की मी खांबाला मिठी मारून बसायची. बुवा उभे राहिले, झांजेवर पहिला ठेका पडला, की माझी झोप पार उडायची. देव आला असं मी म्हणणार नाही, तेवढी माझी लायकी नाही. पण देवाच्या घरचं कुणीतरी दारात येऊन उभं राहिलंय असं वाटायचं. अजून वाटतं.

त्या वर्षी कॉलेजात सत्रपद्धत नवी आली होती. दुसऱ्या सत्राला अर्थशास्त्राचे दोन पेपर समोर ठेवले आणि सांगितलं, यातला एकच घ्या. सूक्ष्म म्हणजे एक माणूस, एक घर, एक दुकान. ते काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे कसं ठरवतं त्याचा अभ्यास. स्थूल म्हणजे अख्खा देश, त्याचं उत्पन्न, महागाई, बेकारी. दोन्ही तासांची वेळ एकच. पहिला आठवडा कुठल्याही वर्गात बसून बघायची मुभा होती. पुढच्या सोमवारी ऑफिसात नाव सांगायचं, आणि मग बदल नाही.

“देवाची करणी बघ,” माझी मैत्रीण शकीला तांबोळी म्हणायची, “स्थूल शिकवायला काडीसारखे लोखंडेसर, आणि सूक्ष्म शिकवायला घोरपडेबाई, ज्या दारातून आल्या की वर्गात अंधार पडतो.”

मी दोघांच्याही वर्गात बसून बघितलं. लोखंडेसर खुर्चीत बसून लिहून द्यायचे. विरामचिन्हांसकट. “राष्ट्रीय उत्पन्न म्हणजे, स्वल्पविराम, एका वर्षात देशात निर्माण झालेल्या, निर्माण झालेल्या, अंतिम वस्तू व सेवांचे पैशातील मूल्य होय, पूर्णविराम. दुसऱ्या ओळीवर या.” कुणी काही विचारलं तर म्हणायचे, “प्रश्न सत्राच्या शेवटी.” पण त्यांनी लिहून दिलेलं पाठ केलं की मार्क हमखास, म्हणून वर्ग खच्चून भरलेला.

घोरपडेबाईंच्या वर्गात आम्ही मूठभर. बाई आल्या, पुस्तक टेबलावर पालथं ठेवलं आणि म्हणाल्या, “घरी पाहुणे आलेत. साखर एका वेळच्या चहापुरती उरलीय. दुकान बंद. तुमची आई काय करते?”

“गूळ घालते.”

“पाहुण्यांना साखरेचा देते, आम्हाला फुळकवणी.”

“आमची आई पाहुण्यांना सांगते, साखर आरोग्याला वाईट.”

बाई पोट धरून हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या. “आहे ते थोडं आणि मागणारे जास्त. अशा वेळी माणूस काय धरतो आणि काय सोडतो, त्यातून तो कोण आहे ते कळतं. हाच आपला विषय.”

मला वाटलं, ही बाई कीर्तनच करतेय. फक्त झांजा नाहीत.

आणि जूनमध्ये संस्था बाईंची बदली करणार होती, पार कोकणात. हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्याकडून शिकायचं तर मला हे एकच सत्र होतं. माझं ठरलं होतं. आता फक्त मामांना पटवायचं होतं, कारण ते नको म्हणाले असते तर वडिलांनीही नको म्हटलं असतं. आमच्या घरी मामांचा शब्द देवळातल्या घंटेसारखा होता. वाजला की सगळे हात जोडायचे.

“मामा,” मी पेटीचा भाता लावत म्हटलं, “तुमच्याच कीर्तनाचं सांगते. पूर्वरंगात तुम्ही सिद्धांत मांडता. समाज असा असावा, राष्ट्र तसं असावं. तेव्हा लोक काय करतात?”

“ऐकतात.”

“शेंगा सोलतात. मागच्या खेपेला मिरजकर आजोबा घोरत होते.”

“खरंय ते,” आतून मामी म्हणाली. “मला तर पेटीपेक्षा ते घोरणंच जास्त ऐकू आलं.”

“तू भाकरीकडं बघ,” मामा म्हणाले.

“आणि उत्तररंग आला,” मी सोडलं नाही, “आख्यान सुरू झालं, एका माणसाची गोष्ट सुरू झाली, की तेच लोक सावरून बसतात. आजोबासुद्धा जागे होतात. तेच सूक्ष्म, मामा. देवसुद्धा माणसाला एकेकट्यालाच भेटतो. देशाला कधी भेटलाय?”

मामांनी झांजा खाली ठेवल्या. त्यांना राग आला की ते अगदी हळू बोलायचे. “आणि पूर्वरंग नसला तर ते आख्यान म्हणजे काय? पारावरची गोष्ट. या कानानं ऐकली, त्या कानानं सोडली. एकाचं भलं कशात आहे ते कळायला आधी सगळ्यांचं भलं कळावं लागतं. तुला नोकरी लागावी, मामलेदार कचेरीत तुझी खुर्ची असावी, म्हणून मी सांगतोय. तुझी आई डोंगरात शेण काढतीय, वैजयंता.”

मामा वाईट नव्हते. वाईट असते तर भांडणं सोपं गेलं असतं.

तेवढ्यात उत्सव कमिटीचे अण्णा जाधव सायकल भिंतीला लावून आत आले. वाईत थंडीच्या दिवसांत कृष्णाबाईचा उत्सव असतो. घाटावर मांडव पडतो, देवी मांडवात येते, आणि रोज कीर्तन. आमच्या आळीनं त्या वर्षी चक्री कीर्तन ठरवलं होतं. चक्री म्हणजे एकाच कीर्तनात पाठोपाठ वेगवेगळे कीर्तनकार उभे राहतात. एकानं पूर्वरंग केला की दुसऱ्यानं तिथूनच धागा उचलून आख्यान करायचं. पूर्वरंग मामांचा होता, आख्यान फलटणच्या एका बुवांचं.

“फलटणच्या बुवांचा घसा बसला,” अण्णा म्हणाले. “रविवारी तुम्हीच दोन्ही करा आता, बुवा.”

“आख्यान मी करते,” मी म्हटलं.

मी असं म्हणणार आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. अण्णा माझ्याकडं बघायला लागले, मग मामांकडं. आतला तवा उतरवल्याचा आवाज आला आणि मामी पदराला हात पुसत दारात आली.

मामांनी खाली ठेवलेल्या झांजा पुन्हा उचलल्या. मग म्हणाले, “कर. पण एक अट. आख्यान चालू असताना लोक उठून जायला लागले, तर सोमवारी ऑफिसात स्थूल सांगायचं. परत तोंडातून सूक्ष्म निघता कामा नये.”

“आणि नाही उठले तर?”

“तर तुझं तू. मी तुझ्या वडिलांना समजावीन.”

“देवीची शपथ?”

“देवीला मध्ये घालू नकोस,” मामा म्हणाले. “माझा शब्द पुरेल.”

रविवारी दुपारी मामीनं मला तिचं हिरवं नऊवारी नेसवलं. “हाल जरा, चालून दाखव,” म्हणाली. मी दोन पावलं टाकली तर काष्टा सुटला. “अगं, पोटात श्वास धरून किती वेळ उभी राहशील? सोड की!” पुन्हा नेसवलं. या खेपेला इतकं घट्ट की श्वास सोडायचा प्रश्नच राहिला नाही.

ऊन घाटाच्या पायऱ्यांवरून नदीकडं उतरायला लागलं तेव्हा कीर्तन सुरू झालं. मांडव भरला होता. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. कडेला नारळाची, फुलांची, बांगड्यांची दुकानं. मी पेटीला बसले होते. नमन झालं आणि मामांनी सिद्धांत मांडला: सगळ्यांच्या सुखातच एकाचं सुख आहे. मामा त्या दिवशी रंगात होते. समुद्र आटला तर थेंबाला कोण विचारतो, असं काहीबाही सुंदर बोलत होते. आणि मध्येच माझ्याकडं न बघता म्हणाले, “पण हल्लीच्या लेकींना आपल्या कपातली साखर दिसते. देशाचं पोतं रिकामं झालेलं दिसत नाही!”

आळीत काहीच लपून राहत नाही. सगळा मांडव हसला आणि माझ्याकडं बघायला लागला. पेटीवरच्या माणसाला उत्तर देता येत नाही. बुवांना हवा तो सूर द्यावा लागतो. मी दिला.

मग मध्यंतराचा गजर झाला. अण्णांनी मामांना हार घातला, बुक्का लावला. मामांनी झांजा माझ्या हातात दिल्या आणि स्वतः जाऊन पेटीला बसले. जाता जाता कुजबुजले, “चक्रीत मागच्याचा सिद्धांत मोडायचा नसतो. तेवढं पाळ.”

ते मला ठाऊक होतं. त्यांचाच सिद्धांत मला गोष्टीतून उभा करायचा होता. मी देवीला नमस्कार केला आणि सोनाबाईची गोष्ट सुरू केली. ही कुठल्या पोथीतली नव्हती. आमच्या गावाकडं दुष्काळाच्या सालची म्हणून सांगायचे, बाकीची मी चार दिवस नदीवर बसून रचली होती.

“सोनाबाईच्या दारात एक म्हैस होती,” मी म्हटलं. “गाव आटलं, विहीर आटली, पण म्हैस आटली नाही. सोनाबाई गावाला दूध घालायची आणि त्यावर घर चालायचं. पण दुष्काळाचं साल. घरात तेल उरलं पळीभर. एकीकडं देवापुढचा दिवा, एकीकडं लेकरांच्या आमटीची फोडणी. मायबाप हो, सोनाबाईनं काय केलं असेल?”

बायकांतून कुणीतरी म्हणालं, “दिवा लावला!”

“अगं, पोरं काय दिवा खातील?” दुसरी म्हणाली.

“बरोबर विचारलंत, काकू. सोनाबाई देवापुढं बसली. म्हणाली, देवा, तुला अंधारात दिसतं. माझ्या लेकरांना आमटीशिवाय भाकरी जात नाही. आजपासून वात अर्धी. आणि देव हसला. कारण त्यालाही आमटीचा वास आला होता!”

मांडव हसला. मिरजकर आजोबा जागे होते, पुढं सरकून बसले होते. माझा आवाज सुटला. मग मी गावातला कासार आणला. त्याचं दारात येणं, बांगड्यांचा पेटारा उघडणं, “वहिनी, नवा माल आणलाय, हात द्या,” आणि सोनाबाईनं हात पदराखाली लपवणं. मी हात लपवून दाखवला. “पुढच्या वर्षी या, भाऊ!” कासार दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. “पुढच्या वर्षी!” तिसऱ्या खेपेला मी पुढं हात केला आणि अख्ख्या मांडवानं माझ्याऐवजी ओरडून सांगितलं, “पुढच्या वर्षी!” कडेच्या बांगड्यांच्या दुकानातल्या हमीदाचाचीसुद्धा तोंडाला पदर लावून हसत होत्या.

एक माणूस उठला नाही. मामा पेटीवर मला साथ देत होते, आणि त्यांनी मध्येच घेतलेली एक हरकत इतकी मायेची होती की मला कळलं, पैज संपली. मी जिंकले होते.

सोनाबाईनं वर्ष काढलं. पाऊस आला. तिचं घर उभं राहिलं. आता फक्त शेवट करायचा होता. कीर्तनात शेवटी कीर्तनकार एकाची गोष्ट उचलतो आणि सगळ्यांच्या ओंजळीत ठेवतो. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय. मीही हात पसरले आणि म्हटलं, “म्हणून श्रोतेहो, सोनाबाईनं जे केलं, ते आपण सगळ्यांनी करावं. प्रत्येक घरानं हात आखडावा. प्रत्येक बाईनं म्हणावं...”

“पुढच्या वर्षी!” मांडव म्हणाला.

आणि हमीदाचाची हसल्या नाहीत.

त्या रागावल्या नव्हत्या. एक गिऱ्हाईक बांगड्या बघत होतं, त्या त्याच्याकडं वळल्या होत्या, इतकंच. पण माझी नजर तिथं गेली आणि तिथंच राहिली. माझ्या गोष्टीतला कासार तीन वेळा दारातून परत गेला होता आणि आम्ही तिन्ही वेळा हसलो होतो. तो घरी जाऊन काय जेवला? सोनाबाई एकटीच पुढच्या वर्षी म्हणाली तर ठीक. तो शेजारच्या घरी बांगड्या भरील. पण मी तर आत्ता सगळ्या गावाला तसं म्हणायला लावलं. सगळं गाव पुढच्या वर्षी म्हणालं, तर कासार दूध कुठनं घेईल? आणि कासारानं, शिंप्यानं, तेल्यानं दूध घेतलं नाही, तर सोनाबाईचं घर कशावर चालेल? जे करून एक सोनाबाई तरली, तेच सगळ्यांनी केलं तर सोनाबाई बुडत होती. माझीच गोष्ट, मी चार दिवस बसून रचलेली, आणि तिच्या शेवटात भगदाड होतं.

मी गप्प झाले.

कीर्तनात गप्प होणं काय असतं ते उभ्या राहिलेल्या माणसालाच कळतं. नदीचं पाणी वाजायला लागलं. मामांना वाटलं मी विसरले. त्यांनी पेटीवर सूर भरला आणि मोठ्यानं गजर उचलला. मांडवानं टाळ्या धरल्या. गजराच्या आडून मामा पुटपुटले, “गोष्टीचं फळ सांग आणि आरतीकडं वळ. झालंय छान.”

वळता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. पण देवीसमोर, त्या जागेवर उभं राहून, जे खरं नाही असं आत्ताच मला दिसलं होतं ते मी सांगू शकत नव्हते. गजर थांबला तसे मी हात जोडले.

“मायबाप हो, मी चुकले. सोनाबाईनं केलं ते तिच्या घरापुरतं खरं आहे. सगळ्यांनी तसं केलं तर काय होईल? तर कासाराच्या घरी चूल पेटणार नाही. आणि कासाराची चूल पेटली नाही तर सोनाबाईची म्हैस भरल्या कासेनं दारात उभी राहील, दूध घ्यायला कुणी नाही. मग सगळ्यांनी काय करावं? ते मला येत नाही. आज ही गोष्ट इथंच अपुरी ठेवते. शिकून येते आणि पुरी करते.”

मग मिरजकर आजोबा म्हणाले, “लवकर ये बाळ. माझं वय झालंय.”

मांडव हसला, आणि त्या हसण्यातच आरती झाली.

आरतीनंतर श्रोते कीर्तनकाराच्या पाया पडतात. लहान-थोर बघत नाहीत, नमस्कार त्या जागेला असतो. मी जमिनीकडं बघत उभी होते. पायाशी पांढरं धोतर वाकलं, आणि मी दचकून मागं सरले. मामा होते.

“मामा, नको!”

“गप उभी राहा,” मामा वाकलेलेच म्हणाले. “तुला नाही करत.”

मांडव रिकामा झाला. मामा आणि मी सतरंज्या गुंडाळायला लागलो. मामी पेटीवर कापड घालत होती.

“एक माणूस उठला नाही,” मामा म्हणाले. “दिलेला शब्द दिला. उद्या ऑफिसात सूक्ष्म सांग. वडिलांचं मी बघतो.”

“मामा, मी स्थूल घेणार आहे.”

मामांच्या हातातली सतरंजी उलगडली. “काय म्हणालीस?”

“स्थूल.”

“अगं!” मामांचा चेहरा असा फुलला की मला पुढचं बोलायला जड गेलं. “अगं, हेच तर मी... तरी म्हटलं, पोरगी शहाणी आहे! आता परीक्षेला...”

“परीक्षेला मी बसणार नाही, मामा. ते आत्ताच सांगते. मामलेदार कचेरीतली खुर्ची मला नको.”

“मग स्थूल कशाला?”

“त्या कासारासाठी.”

मामांनी मामीकडं बघितलं. मामी म्हणाली, “माझ्याकडं काय बघता? तुमचीच भाची आहे. सतरंजीचं दुसरं टोक धरा.”

मामांनी धरलं. आम्ही दोघांनी मिळून ती घडी घातली. घडी कडेला ठेवत ते म्हणाले, “आणि तुझ्या घोरपडेबाई? जूनमध्ये जातायत म्हणालीस.”

“हो,” मी म्हटलं. आणि पुढची सतरंजी ओढली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जायच्या आधी मी बाईंना गाठलं. त्या जिन्यात दम खात उभ्या होत्या. मी सगळं सांगितलं, सोनाबाई, कासार, म्हैस. बाई ऐकताना एकदाही हसल्या नाहीत.

“तुला मी माझ्या वर्गात धरलंच होतं,” त्या म्हणाल्या.

“मला माहीत आहे, बाई.”

“हा प्रश्न माझ्या पेपरात नाही, हे खरं आहे. एकाला लागू ते सगळ्यांना लागू नाही, तिथूनच तो दुसरा पेपर सुरू होतो.” त्यांनी कठड्यावर हात ठेवला. “पण तुला एक सांगते. लोखंडेसर हा प्रश्न ऐकून घेणार नाहीत. ते कुणाचाच घेत नाहीत. लिहून घ्या म्हणतील. माझ्याकडं ये, निदान बोलता तरी येईल. नीट विचार कर.”

“केलाय, बाई. ऐकून घेत नाहीत तोवर विचारीन.”

बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, जड, उबदार हात, आणि पुढच्या पायऱ्या चढून वर गेल्या. मी ऑफिसात जाऊन स्थूल सांगितलं.

मंगळवारी लोखंडेसरांचा तास. खच्चून भरलेला वर्ग. शकीला माझ्या शेजारी. सर म्हणाले, “बचत म्हणजे, स्वल्पविराम, उत्पन्नातून उपभोग वजा जाता...”

मी हात वर केला.

“काय? ऐकू आलं नाही का? वजा जाता.”

“सर, प्रश्न आहे.”

“प्रश्न सत्राच्या शेवटी.”

“मग सर, तोवर मी उभी राहते.”

“काय करते?”

“उभी राहते.”

मागच्या बाकांवर कुणीतरी शिट्टी घातली. शकीलानं माझी ओढणी ओढली. “बस ना गं, वेडी! काय तमाशा?” मी बसले नाही. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, खांदे उडवले आणि पुढं लिहून द्यायला लागले. मी उभ्या उभ्या, वही हातावर धरून लिहून घेतलं. उद्धटपणा मला करायचा नव्हता. एकही ओळ मी चुकवली नाही. घंटा झाली. सर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर मी पुन्हा उभी राहिले. मुलं हसली. “बुवा उभे राहिले रे, टाळ आणा!” एकजण म्हणाला. त्याला कळलं नाही, पण त्यानं मला मोठाच धीर दिला. कीर्तनात मी मामांना दोन-दोन तास उभं राहिलेलं बघितलं होतं. सरांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांचा आवाज मात्र नेहमीपेक्षा वर चढला होता, आणि दोनदा त्यांचा स्वल्पविराम सांगायचा राहून गेला.

तिसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही. सर खुर्चीत बसले, वही उघडली, बोट ओळीवर ठेवलं, आणि तसेच थांबले.

“पाय दुखत नाहीत?”

“दुखतात, सर.”

“विचारा काय ते. एकदाचं.”

मी विचारलं. सोनाबाई, अर्धी वात, दारातला कासार, पुढच्या वर्षी. मग सगळं गाव, पुढच्या वर्षी. कासारानं बंद केलेलं दूध. मी सांगत होते तशी पेनं खाली ठेवल्याचे आवाज येत होते.

सर बोटानं चष्मा वर सारत म्हणाले, “हे कुठल्या पुस्तकात वाचलंत?”

“नाही वाचलं, सर. कीर्तनात सापडलं.”

वर्ग खदखदला. सर हसले नाहीत. ते खिडकीकडं बघत होते. बोलायला लागले तेव्हा त्यांचा लिहून द्यायचा आवाज गेला होता. घरात बोलतो तसा साधा आवाज होता.

“कासारानं दूध बंद केलं. मग सोनाबाई काय करील?”

मी विचार केला. “आणखी हात आखडील, सर. तिला तेवढंच येतं.”

“आणि तिनं आणखी हात आखडला की?”

“शिंपी बसेल. तेली बसेल. तेही दूध बंद करतील.”

“बरोबर,” सर म्हणाले. “इकडं पुढं या. मागच्यांना ऐकू जात नाही.”

मी बाकांमधून पुढं गेले. सरांनी वही मिटली. खडू माझ्या हातात दिला. मग टेबलाला वळसा घालून ते खाली उतरले, पहिल्या बाकावरच्या पोरांना हातानं सरकायला सांगितलं आणि त्यांच्यातच, काडीसारखे, अवघडून बसले. वर बघून म्हणाले,

“आणि मग?”